मक्याचा उघडा डेटा : घ्या, पण बुशेल सांभाळा

जालन्यात एका बियाणे कंपनीसाठी मी नऊ वर्षं मक्याच्या चाचण्या घेतल्या. वही कंपनीची, आकडेही कंपनीचेच. नोकरी सुटली तेव्हा हातात एक ओळसुद्धा उरली नाही. त्यामुळे अमेरिकेतल्या ‘जिनोम्स टू फील्ड्स’ या मक्याच्या चाचण्यांच्या प्रकल्पाचा डेटा एक पैसा न भरता उतरवून घेता आला, तेव्हा आधी खरंच वाटेना.

तिकडची विद्यापीठं मिळून 2014 पासून संकरित मक्याचे वाण टेक्सासपासून विस्कॉन्सिनपर्यंत आणि कॅनडात ऑन्टारियोतही लावतात आणि सगळं उघड करतात. वाणांची जनुकीय माहिती, मातीचे अहवाल, शिवाय शेताच्या कडेला उभ्या केलेल्या हवामान यंत्राच्या अर्ध्या अर्ध्या तासाच्या नोंदी. माझ्या मते खरी किंमत या शेवटच्या फायलीची. उत्पन्न कोणीही मोजतो हो. त्या आठवड्यात ऊन किती होतं, हे कोण लिहून ठेवतं?

मी पहिल्यांदा काय केलं, तर तुरा किती दिवसांनी आला आणि कणसाला केस किती दिवसांनी आले, हे दोन रकाने एकमेकांतून वजा केले. पाण्याचा ताण पडला की हे अंतर वाढतं आणि कणसात दाणा भरत नाही. आम्ही हे बांधावर उभं राहून डोळ्यांनी ताडायचो. इथे एकच वाण दोन गावांत कसा वागला, ते शेजारशेजारी मांडता येतं. मुळासकट लोळलेली झाडं एका रकान्यात, खोडात मोडलेली दुसऱ्या. 10 ऑगस्ट 2020 च्या वादळात आयोवात लाखो एकर मका आडवा झाला होता, तेव्हा हे दोन रकाने उगाच नाहीत.

फसलो ते उत्पन्नात. आकडे एकरी बुशेलमध्ये (तिकडचं धान्याचं माप, पिकागणिक वजन वेगळं), ओलावा 15.5 टक्के धरून. मक्याचा एक बुशेल म्हणजे 25.4 किलो, 200 बुशेल म्हणजे जवळपास 51 क्विंटल. मी घाईत गव्हाचा बुशेल धरला, त्यात किलो जास्त, आणि दोन दिवस सगळे वाण भलतेच जोरात दिसत होते. (ओलाव्यावरून कपात आपल्या बाजार समितीतही होते, पण तिथे निदान समोर भांडता तरी येतं.) आधी सोबतची माहितीची फाइल वाचा, मग आकड्यांना हात लावा.

कोणतं बियाणं पेरू, असं विचारणाऱ्या शेतकऱ्याला याचा काही उपयोग नाही. वाण तिकडचे, हंगामही तिकडचा. राहुरी, परभणी, अकोल्याला वनस्पती प्रजनन शिकणाऱ्या पोरांनी मात्र जरूर घ्यावा. 2014 ते 2021 चे आकडे देऊन 2022 चं उत्पन्न ओळखा, अशी स्पर्धाही त्यांनी घेतली होती. आता उत्तरं उपलब्ध आहेत, म्हणजे घरबसल्या स्वतःची परीक्षा घेता येते.

पाचपैकी साडेचार. अर्धा गुण माझ्या लॅपटॉपचा कापलाय. जनुकीय फाइल उघडताना तो असा गोठला, की बायकोनं येऊन प्लग काढला.