श्रीहरिकोटाची लाँच व्ह्यू गॅलरी: सॉलिड, लिक्विड आणि क्रायो एकाच दुपारी

१४ जुलै २०२३ ला चांद्रयान-३ उडालं तेव्हा आम्ही श्रीहरिकोटाच्या रॉकेट उड्डाण बघायच्या गॅलरीत होतो, आता ओळखीतले दोघंतिघं जायचं म्हणतायत म्हणून लिहितोय. नोंदणी ऑनलाइन असते आणि भराभर भरते, तेव्हा लक्ष ठेवून राहा. चेन्नईहून ट्रेनने सुलुरुपेटा, तिथून पुढचा रस्ता पुलिकत सरोवरातनं, तोच बघण्यासारखा आहे. लॉजचं भाडं मात्र आधीच पक्कं करा, आमच्या लॉजवाल्याने ऐनवेळी दुप्पट मागितलं. टोपी नि पाणी हवंच.

या रॉकेटचे टप्पे तीन: सॉलिड म्हणजे घन इंधनाचा, लिक्विड म्हणजे द्रव इंधनाचा आणि क्रायो म्हणजे अतिथंड द्रव इंधनाचा. दुपारी २ वाजून ३५ मिनिटांनी दोन्ही एस-२०० बूस्टर, म्हणजे रॉकेटच्या दोन बाजूंचे सॉलिड, पेटले. एकेकात दोनशे टनांवर घन इंधन, रबरासारखं घट्ट बसवलेलं, एकदा पेटलं की बंद करायची सोयच नाही. आधी पांढरा धूर, मग वेल्डिंगकडे बघावं तसा उजेड, आणि आवाज मागाहून आला तो थेट छातीत बसला, शेजारच्या काकूंनी तर माझा दंडच धरला. एस-२०० च्या केसिंगचे, म्हणजे बाहेरच्या कवचाचे, भाग आपल्या इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला बनतात, उसाच्या पट्ट्यातलं गाव ते, तेव्हा मला अगदी भरून आलं.

लिक्विडचं तसं नाही. मधली दोन विकास इंजिनं १०८ व्या सेकंदाला हवेतच पेटतात, तोवर रॉकेटचा ठिपका झालेला असतो. इंधन नि ऑक्सिडायझर (इंधन जळायला ऑक्सिजन पुरवणारं रसायन) भिडले की आपोआप पेट घेतात, ठिणगी लागत नाही, हवं तेव्हा बंदही करता येतं, पण दोन्ही जाम विषारी.

आणि क्रायो तर फक्त स्क्रीनवरच बघायचं. पाच मिनिटांनी पेटतं, हायड्रोजन उणे २५३, ऑक्सिजन उणे १८३ अंशांवर, आणि तेवढ्याच वजनाच्या इंधनात सॉलिडच्या दीडपटीहून जास्त जोर काढतं. २०१० मध्ये आपलं स्वतःचं पहिलं क्रायो उड्डाण फसलं, जमलं ते थेट जानेवारी २०१४ ला, म्हणून माझ्यासाठी खरा हिरो हाच.

लोक काय करतात, धूर विरला की बसकडे पळतात. तसं करू नका, सोळा मिनिटं थांबाच. यान रॉकेटपासून सुटं झाल्याचं स्क्रीनवर आलं तेव्हा आमच्या मागच्या रांगा निम्म्या रिकाम्या होत्या, आणि काकू उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या.