पार्वतीचे घर: ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’

रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात राबणाऱ्या पार्वतीला बिल्डर चाळीतले घर रिकामे करायला लावतो, कारण तिचा गिरणी कामगार नवरा हयात नाही आणि घर आपले आहे हे दाखवणारा एकही कागद तिच्यापाशी नाही. पायल कपाडिया यांच्या या चित्रपटाची (२०२४) मुख्य कथा प्रभा आणि अनू या मुंबईत नोकरी करणाऱ्या दोन मल्याळी परिचारिकांची आहे. तरीही चित्रपट संपल्यावर माझ्या मनात घर करून राहिली ती पार्वतीच.

छाया कदम यांनी ही बाई कुठेही बिचारी होऊ दिलेली नाही. उच्चभ्रूंसाठी बांधल्या जाणाऱ्या इमारतीच्या जाहिरातफलकावर ती आणि प्रभा रात्री दगड मारतात, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यांवर संतापाइतकाच मोकळा आनंदही असतो. १९८२च्या संपानंतर गिरणगावातल्या जमिनींवर मॉल आणि टॉवर उभे राहिले, हा इतिहास ज्यांच्या घरात घडला त्यांना या दृश्याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. पार्वती शेवटी सामान बांधून रत्नागिरीकडच्या आपल्या गावी जाते आणि प्रभा व अनू तिला सोबत करतात.

कान महोत्सवात ‘ग्रां प्री’ मिळवणाऱ्या या चित्रपटाची खरी ताकद लहान गोष्टींत आहे. परदेशी गेलेल्या नवऱ्याचा फोन कधीचा येईनासा झालेला असताना जर्मनीहून प्रभाच्या नावे एक लालभडक राइस कुकर येतो, सोबत चिठ्ठी नाही. आणि एका रात्री प्रभा जमिनीवर बसून त्या कुकरला घट्ट कवटाळते. कनी कुसृती या दृश्यात एक शब्दही बोलत नाहीत. रणबीर दास यांचा कॅमेराही तिथे घाई करत नाही, आणि थकलेल्या माणसाचा एकांत जपावा तसा तो जपतो.

कोकणातला उत्तरार्ध काहीसा स्वप्नवत होतो, आणि पार्वतीच्या घराचा प्रश्न तिथे मागे पडतो, ही रुखरुख मला राहिली. गावी गेल्यावर ती पोटापाण्याला काय करणार, याकडे चित्रपटाने अधिक लक्ष द्यायला हवे होते. मल्याळम, हिंदी आणि मराठी या तिन्ही भाषा मुंबईत जशा एकमेकींत मिसळतात तशाच इथे ऐकू येतात, म्हणून चित्रपट मूळ ध्वनीसह, उपशीर्षके लावूनच पाहावा.