साताऱ्याच्या चढ-उताराला जुनी रेंजर: काय ठेवायचं, काय बदलायचं

साताऱ्यात रोजच्या वापरासाठी दणकट आणि चालवायला मजा येईल अशी सायकल हवी असेल, तर दुकानात पुढे मांडलेल्या दोन्हीकडे शॉकअ‍ॅब्सॉर्बर असलेल्या सायकली सोडा. कुणाच्या तरी जिन्याखाली धूळ खात पडलेली स्टीलच्या फ्रेमची, साध्या चिमट्याची (पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांना शॉकअ‍ॅब्सॉर्बर नसलेली) २६ इंची सायकल शोधा. कंपनी कुठलीही असो, आपल्याकडे तिला रेंजरच म्हणतात. पण ती आहे तशी रस्त्यावर काढू नका. ब्रेक, चाकं आणि गिअर या तीन गोष्टी बदलल्या की या गावासाठी तिच्याइतकी योग्य सायकल दुसरी नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे.

इथे दोनच गोष्टी सायकलीची परीक्षा घेतात, चढ आणि पाऊस. गाव अजिंक्यताऱ्याच्या कुशीत वसलेलं. खालच्या रस्त्यावरून वरच्या रस्त्याला यायचं तरी चढ, समर्थ मंदिर-बोगद्याकडे जायचं तर आणखी चढ. संगम माहुलीला नदीकाठी उतरणं सोपं, परत येताना पाय बोलतात. त्यात जून ते सप्टेंबर सगळं ओलं. खड्डे सगळ्या गावांत असतात, त्यांना जाड टायर पुरतो. स्वस्तातला शॉकअ‍ॅब्सॉर्बर दोन किलोंच्या वर भरतो, चढावर पायाची ताकद खातो आणि दोन पावसाळ्यांत गंजून घट्ट होतो. साध्या चिमट्यात बिघडण्यासारखं काही नसतं.

जुनी सायकल बघायला जाताना एक दोरी आणि मोजपट्टी न्या. मागच्या चाकाच्या एका खाचेपासून दोरी हँडलखालच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेपर्यंत ताणा. सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंच्या दोरीचं अंतर मोजा. दोन-तीन मिमीचा फरक चालेल, जास्त असेल तर फ्रेम वाकलेली आहे. हँडलखालच्या नळीला तिरकी मोठी नळी जिथे जुळते, तिथे खालच्या बाजूने बोट फिरवा. रंगाला सुरकुत्या किंवा केसाएवढी चीर लागली, तर सायकल समोरून आपटलेली आहे, ती सोडा. सीटची दांडी नळीत गंजून अडकली असेल, तरीही सोडा. ती काढता काढता फ्रेम खराब होते. सायकल दोन्ही पायांमध्ये धरून उभं राहिल्यावर वरच्या नळीपासून तीन ते पाच सेंटिमीटर जागा राहायला हवी.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चिमट्यावर आणि मागच्या दांड्यांवर व्ही-ब्रेक (दोन उभ्या हातांनी रिमला दोन्हीकडून दाबणारा ब्रेक) बसवायचे खुंट आहेत का ते बघा. नसतील तर वेल्डिंग करून बसवायच्या फंदात पडू नका. दोन खुंट एका रेषेत आणि नेमक्या अंतरावर आले नाहीत, तर रबर रिमवर सपाट बसतच नाही. त्यापेक्षा दुसरी सायकल शोधावी.

आता ब्रेक. यावर थोडं जास्त बोलायला हवं, कारण जुन्या रेंजरचा सगळ्यात मोठा दोष इथेच आहे. तिची रिम चकचकीत क्रोमची, लोखंडी. कोरड्यात ती बरी थांबते, पण भिजली की रबर तिच्यावर साबणासारखं घसरतं. नुसतं रबर बदलून हे सुधारत नाही, रिमच अ‍ॅल्युमिनियमची हवी. उताराचा आणि ब्रेकचा हा झगडा जुनाच आहे. कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत १९७०च्या दशकात पोरं १९३०-४०च्या जाड टायरच्या जुन्या सायकली डोंगरावरून खाली सोडायची. त्यांचा ब्रेक मागच्या हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याच्या आत, पायडल उलटं दाबलं की लागणारा. उतरेपर्यंत आतलं ग्रीस जळून धूर निघायचा आणि हब पुन्हा ग्रीसने भरावा लागायचा. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी तिथे पहिली शर्यत झाली, तिचं नाव यावरूनच ‘रिपॅक’ पडलं. आजची माउंटन बाइक त्याच जुगाडातून आली.

व्ही-ब्रेक लावताना हमखास होणारी चूक म्हणजे पैसे वाचवायला जुने ब्रेकचे दांडे तसेच ठेवणं. व्ही-ब्रेकला जुन्या ब्रेकच्या जवळजवळ दुप्पट तार ओढावी लागते. जुना दांडा तेवढी ओढत नाही. तो हँडलला टेकतो आणि सायकल पुढेच जात राहते. दांडे व्ही-ब्रेकचेच घ्या, तार आणि कव्हरही नवीन. रबर रिमपासून दीड-दोन मिमीवर ठेवा. रबराची पुढची कड मागच्या कडेपेक्षा मिमीभर आधी टेकली पाहिजे, नाहीतर ब्रेक किंचाळतो. रबर वर सरकून टायरला घासलं तर टायरची कड कापली जाते. पावसाळ्यात दर आठवड्याला रबरात रुतलेली बारीक खडी टाचणीने काढा, ती राहिली तर नव्या रिमला चरे पडतात.

स्वस्त डिस्क ब्रेकचा मोह होतो, कारण चिखलात रिम भरली तरी डिस्क चालते. पण जुन्या फ्रेमला तो बसवायची सोय नसते, आणि हलक्या प्रतीच्या डिस्कमध्ये एकच पॅड हलतो, चकती वाकून रोज घासते. आमच्या मते इथे तो नकोच.

चाकं बांधून घ्यायची तर ३६ भोकांची दुपदरी अ‍ॅल्युमिनियम रिम आणि दोन मिमीचे स्पोक सांगा. टायर घेताना नुसतं ‘२६’ म्हणू नका. २६ इंची नावाची किमान दोन मापं बाजारात आहेत. जुन्या बारीक टायरच्या, २६ बाय १ ३/८ वाल्या सायकलचा टायर या रिमवर बसत नाही. टायरच्या कडेला ५०-५५९ लिहिलेलं बघा, तो २६ बाय १.९५. मधे गुळगुळीत आणि कडेला खाचा असा नक्षा घ्या. मोठ्या गुठळ्यांचा टायर डांबरावर नुसता घोंघावतो आणि जोर खातो. ६५-७० किलो वजनाच्या माणसाला पुढे ३५ आणि मागे ४० पीएसआय हवा पुरते. पंपवाल्याला ‘टणक भर’ म्हटलं की खड्डा थेट मनगटात येतो.

गिअरचा हिशोब तर करूनच बघा. बिनगिअरच्या रेंजरला साधारण पुढे ४४ आणि मागे १८ दाते. पायडलच्या एका फेरीत सायकल पाच मीटर जाते. मिनिटाला ६० फेऱ्यांनी ताशी १८ किलोमीटर होतात. चढावर हा वेग कुणाला झेपत नाही, म्हणून फेऱ्या ३० वर येतात आणि सगळा भार गुडघ्यावर. पुढे ३४ दात्यांची एकच चकती आणि मागे १४ ते २८ दात्यांचं सात गिअरचं फ्रीव्हील (हबवर आवळून बसवायचा चकत्यांचा संच) लावलं की सगळ्यात हलक्या गिअरमध्ये एका फेरीत अडीच मीटर, म्हणजे त्याच ६० फेऱ्यांत ताशी ९ किलोमीटर. पाय आरामात फिरतात. सपाटीला १४ दात्यांवर ८० फेऱ्या केल्या तर ताशी २४, गावात त्याहून जास्त लागत नाही. यवतेश्वरचा घाट चढायचा असेल तर १४ ते ३४ चं फ्रीव्हील घ्या.

पुढे आधीच ४२-३४-२४ अशा तीन चकत्या रिव्हेट मारलेल्या असतील तर त्या काढायला जाऊ नका. चेन मधल्या ३४ वर ठेवा, पुढच्या गिअरची तार काढून टाका आणि त्याचे दोन्ही स्क्रू आवळून चेन ढकलणारा पिंजरा मधल्या चकतीवर कायमचा अडकवा. फुकटात चेन न पडायची सोय होते. फ्रेमला मागचा गिअर लटकवायची जागा नसेल तर अ‍ॅक्सलच्या नटाखाली पट्टीने बसणारा गिअर मिळतो. फ्रेम बिनगिअरची असेल तर मागची रुंदीही मोजा. सात गिअरच्या हबला १२६ ते १३५ मिमी लागतात. स्टील असल्यामुळे थोडं फाकवता येतं, पण ते काम जाणत्या मिस्त्रीकडूनच, आणि नंतर दोरीची तपासणी पुन्हा.

एक उणीव मात्र या मांडणीत कायम राहते. फ्रीव्हीलच्या हबमध्ये उजवीकडचे छर्रे फ्रेमच्या कडेपासून बरेच आत असतात, त्यामुळे अ‍ॅक्सलवर ताण येतो. कॅरियरवर सिलिंडर किंवा गव्हाचं पोतं लादून खड्ड्यातून गेलात तर अ‍ॅक्सल वाकतो. चाक काढून अ‍ॅक्सल बोटांनी फिरवल्यावर त्याचं टोक डुगडुगताना दिसलं की समजावं. जड ओझं नेहमीच नेणाऱ्याने कॅसेटचा हब घ्यावा, त्यात उजवीकडचे छर्रे फ्रेमच्या कडेजवळ असतात.

मडगार्ड पूर्ण लांबीचे, दोन्हीकडे. सीटखाली चिकटवायची प्लॅस्टिकची पट्टी इथल्या पावसात शोभेची वस्तू आहे. पावसाळा संपला की सीटची दांडी काढून सायकल उलटी करा, नळीत साठलेलं पाणी निघून जाईल. त्याच वेळी हब उघडून छर्रे बदला. मागे पाव इंची, एका बाजूला नऊ, पुढे ३/१६ इंची, एका बाजूला दहा. चेन बारा इंचांवर मोजा. नवी चेन ३०४.८ मिमी भरते, ३०७ च्या पुढे गेली की बदला, नाहीतर ती फ्रीव्हीलचे दातेही खाऊन टाकते.

तयार झाल्यावर पहिल्या शंभर किलोमीटरनंतर चाकांचा आऊट (डगमग) एकदा काढून घ्या, कारण नवे स्पोक बसताना सैल होतात. क्रँकचे (पायडल लागलेल्या दांड्यांचे) बोल्टही त्याच दिवशी आवळा. ‘टक-टक’ आवाज येत असताना तसंच दामटलं तर क्रँकचं चौकोनी भोक गोल होतं, आणि मग कितीही आवळा, तो क्रँक भंगारातच जातो.