सान कालिस्तो, रोम : जमिनीखालच्या दफनभूमीत एक सातारकर गवंडी

आमचे वडील महाबळेश्वरकडं जांभ्याच्या खाणीवर चिरे काढायचे. मी स्वतः साताऱ्यात चाळीस वर्षं गवंडीकाम केलं. त्यामुळं मुलाकडं रोमला गेलो तेव्हा वरच्या घुमटांपेक्षा ही जमिनीखालची दफनभूमी बघायची मला जास्त ओढ होती.

पहिली खेप वाया गेली. ज्या सहलवाल्यांकडं पैसे भरले होते त्यांनी नेलं बुधवारी, आणि इथं बुधवारी सुट्टी. फाटकाला कुलूप. दुसऱ्या दिवशी बायकोला आणि मुलाला घेऊन 118 नंबरच्या बसनं आमचे आम्हीच गेलो.

वाटाड्याशिवाय आत सोडत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. सुमारे 20 किलोमीटरची भुयारं, तीही चार मजल्यांची. वाटाड्या बाई इंग्रजीत सांगत होत्या, मुलगा आम्हाला मराठीत. त्या काळी रोमच्या हद्दीत पुरायला कायद्यानं बंदी, म्हणून ही जागा वेशीबाहेर, आप्पिया रस्त्याला. ख्रिस्ती लोक इथं लपून राहायचे, हा समज चुकीचा. आपली माणसं पुरायला आणि त्यांच्या आठवणीच्या दिवशी प्रार्थनेला ते यायचे.

मी मात्र भिंतीपाशीच थांबत होतो. दगड तूफा, म्हणजे ज्वालामुखीच्या राखेचा. खणताना मऊ, वारं लागलं की टणक. आपल्या जांभ्याचाच गुण! हत्याराचे तिरपे घाव अजून दिसतात, 1700-1800 वर्षांपूर्वीचे. या खणणाऱ्यांना फोसोर म्हणत. एवढी माती काढली कुठून, असं मी विचारायला लावलं. बाईंनी वर बोट केलं. छतातून थेट वरपर्यंत गेलेला झरोका. उजेड त्यातूनच, हवा त्यातूनच, मातीही त्यातूनच वर ओढायची. जागा संपली की तळ आणखी खाली खणायचा, म्हणून अशा वाटेत जुनी थडगी वरच्या अंगाला असतात. वडील असते तर तिथून हलले नसते.

नऊ पोप पुरलेली खोली आहे, पुरातत्त्वज्ञ दे रोस्सी यांनी 1854 मध्ये शोधलेली. शेजारी संत सेसिलियाची आडवी संगमरवरी मूर्ती. अस्सल मूर्ती शहरातल्या चर्चमध्ये आहे, ही नक्कल. तरी बघत राहावी अशी.

स्वेटर न्या. बाहेर कडक ऊन असलं तरी खाली आपल्या लिंबच्या बारा मोटेच्या विहिरीसारखा गारवा. पायऱ्या बऱ्याच आहेत, गुडघे दुखणाऱ्यांनी विचार करा. फोटो काढू देत नाहीत.

प्रेतं ठेवायला भिंतीत खणलेले कप्पे बहुतेक रिकामे आहेत. एक कप्पा मी हात न लावता नजरेनंच मापला, जेमतेम दोन वीत. त्याच्या कडेला गिलाव्याचा चुना अजून चिकटलेला होता. मंडळी म्हणाली, "तान्ह्याचा दिसतोय हो." मग वर येईपर्यंत ती काही बोलली नाही.