10.4 सेंटची वीज आणि 225 डॉलरचं बिल: टेक्ससवाल्यांनो, साइटवरचा पहिला प्लॅन डोळे मिटून घेऊ नका

डोकं अजून तापलेलं आहे, त्यामुळे लिहिण्यात मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या. डॅलस-ह्यूस्टनकडे ज्यांचं विजेचं कॉन्ट्रॅक्ट संपत आलंय त्यांनी तरी हे वाचाच. कंपनीचं आणि साइटचं नाव टाकत नाहीये, नवरा म्हणतो नसती कटकट नको, आणि तसंही असले प्लॅन एका कंपनीकडे नाहीत, ढिगाने आहेत.

भारतातून वाचताय त्यांच्यासाठी थोडक्यात, टेक्ससच्या बऱ्याच भागात 2002 पासून वीज कोणाकडून घ्यायची ते आपणच ठरवायचं. तारा, खांब, मीटर ऑन्कॉर किंवा सेंटरपॉइंटसारख्यांचे, ते बदलत नाहीत, बदलते ती फक्त बिल पाठवणारी कंपनी. आणि त्या इतक्या आहेत की कंपॅरिझन साइटशिवाय कोणी बघतच नाही.

सप्टेंबरात आमचं कॉन्ट्रॅक्ट संपत होतं. जुनी कंपनी सगळं धरून युनिटला 14.2 सेंटने रिन्यू करून देत होती. मी साइटवर झिप कोड टाकला, स्वस्त ते महाग असं लावलं, तर सगळ्यात वर 10.4 सेंट, 12 महिने फिक्स. फिक्स म्हटल्यावर अजून काय बघायचं असतं माणसाने? घेतला.

पहिलं बिल आलं 983 युनिटचं, 225 डॉलर 18 सेंट, टॅक्स वेगळा. मला आधी वाटलं मीटरच चुकलाय.

मीटर बरोबर होता. खरा दर युनिटला 17.5 सेंट, वर वीज घरापर्यंत आणायचे 5 सेंट, आणि महिन्याचे 4 डॉलर. म्हणजे साडेबावीस सेंटची वीज! पण महिन्याचा वापर 1000 युनिटला पोचला की 125 डॉलरचं 'यूसेज क्रेडिट'. आता 1000 वर हिशोब करा, 229 वजा 125, उरले 104, झाले 10.4 सेंट. आणि 999 ला? भोपळा. साइट प्लॅन लावते ते 1000 युनिटच्या दराने, मग यांनी अख्खा प्लॅनच त्या एका आकड्यावर बेतलाय, बाकी महिनाभर कोण किती वापरतं त्याच्याशी त्यांना काही देणंघेणं नाही.

17 युनिट कमी पडले हो! 17 युनिट जास्त जाळले असते तर बिल 121 डॉलर 18 सेंटनी कमी आलं असतं. आणि त्या महिन्यात मी काय करत होते, तर पोरांच्या मागे लागून दिवे बंद करत होते, आणि ड्रायर नको म्हणून गॅरेजमध्ये दोरी बांधून जीन्स वाळत घालत होते. सहाएक वेळा ड्रायर लावला असता तर क्रेडिट मिळालं असतं. वीज वाचवली म्हणून दंड भरला मी, दुसरं काय.

आता सगळे म्हणतील ईएफएल वाचलं नाहीस का. वाचलं होतं! इलेक्ट्रिसिटी फॅक्ट्स लेबल म्हणून जी पीडीएफ असते ती फोनवर उघडली होती, बोटांनी मोठी करून करून. वरतीच तक्ता असतो, 500, 1000 आणि 2000 युनिटला सरासरी दर. त्यात होतं 23.3, 10.4, 16.5. हे तीन आकडे मला आता झोपेत पण दिसतात. 2000 ला दर जास्त बघून मला काहीच वाटलं नाही, कारण आपलं डोकं महावितरणच्या बिलावर तयार झालेलं, 100 युनिटपर्यंत एक दर, 300 पर्यंत त्याच्यावर, पुढे अजून वर, जास्त वापरा जास्त भरा. म्हटलं इथेही स्लॅब असेल. पण मग 500 ला 23.3 कसा? स्लॅब असता तर 500 ला सगळ्यात स्वस्त हवं होतं ना. तिथेच थांबायला हवं होतं. मी बघितलं, म्हटलं आपण कुठे 500 वापरतो, आणि खाली सरकवलं. क्रेडिटची ओळ त्या तक्त्याच्या खाली, मुंगीएवढ्या अक्षरात. चार बेडरूमचं घर, ऑगस्टात 1900 युनिट जाळणारं, त्यात 500 चा रकाना कोण वाचेल सांगा!

बरं, हा ऑगस्ट तरी वाचवतो का, तर नाही. 1900 ला क्रेडिट मिळून 306.50 होतात, जुन्या कंपनीच्या 14.2 ने 269.80 झाले असते. मी एक्सेलमध्ये घालून बघितलं, हा प्लॅन स्वस्त पडतो तो फक्त 1000 ते साधारण 1450 च्या मधे. ज्यांचं हीटिंग गॅसवर आहे त्यांचा हिवाळा तर गेलाच. नोव्हेंबर 640 युनिट, 148 डॉलर. डिसेंबर 712 युनिट, 164.20. तीन बिलांत जुन्यापेक्षा 205.81 जास्त गेले. प्लॅन मोडायची फी 150. एकूण 355 डॉलर 81 सेंट.

कंपनीला फोन केला. ती बाई अगदी गोड आवाजात म्हणे, मॅडम, वापर हजारच्या वर ठेवायचा प्रयत्न करा. ठेवते ना! पण मीटर रीडिंगची तारीख माझ्या हातात आहे का? कधी 29 दिवसांची सायकल, कधी 32 ची. साइटवाल्यांना मेल केला तर म्हणे दर कंपन्या देतात, आम्ही फक्त दाखवतो. फुकट दाखवत नाहीत, अशा बऱ्याच साइटना प्रत्येक गिऱ्हाइकामागे कंपनीकडून कमिशन मिळतं.

मग रीतसर सरकारी तक्रार केली. फॉर्म भरला, बिलं जोडली, तक्त्याला लाल गोल करून स्क्रीनशॉट जोडला. उत्तर काय, तर कंपनीचंच पत्र, माहिती कागदपत्रात दिलेली होती, केस बंद. अहो पण दिलेली होती म्हणूनच तर तक्रार आहे! नेमके 1000 युनिट पडल्याशिवाय 10.4 हा आकडा कुठल्याही बिलावर येणारच नाही, तो असा दाखवायला परवानगी कोणी दिली? हजारच्या ऐवजी माझा खरा वापर टाकून यादी दाखवायला काय अडचण आहे, मीटर तर पंधरा-पंधरा मिनिटांची नोंद ठेवतो. त्यावर एक शब्द नाही. खाली वर्तणुकीबद्दल समाधानी आहात का म्हणून पाच चांदण्या. दिली एक.

स्मार्ट मीटर टेक्सस म्हणून साइट आहे, तिथे खातं उघडलं की मागचे वापराचे आकडे फुकट मिळतात, ते 12 महिन्यांचे काढा आणि महिन्याप्रमाणे बिल मांडा, सरासरी नको. ईएफएलमध्ये 'क्रेडिट' हा शब्द शोधा, सापडला की बंद करा. एक बेडरूमचं अपार्टमेंट असेल तर हजारवाला प्लॅन बघूच नका. 'रात्री वीज फुकट' वाल्यांचा दिवसाचा दर आधी विचारा, घरून काम करणारे मरतात त्यात. कंपनी बदलताना कागदपत्रं मिळाल्यापासून 3 कामाच्या दिवसांत फुकट रद्द करता येतं, हे मला उशिरा कळलं. कॉन्ट्रॅक्ट संपायच्या आधीच्या 14 दिवसांत निघालात तर फी लागत नाही, आणि घर बदललं तर पुरावा दाखवून फी माफ होते, फोनवरचा माणूस काहीही सांगो.

ऑस्टिन आणि सॅन अँटोनियोवाले हसत असतील, त्यांना शहराचीच वीज, निवडायचं कामच नाही. हसा.

आता घेतलाय तो 14.9 चा, तिन्ही रकान्यांत जवळजवळ तोच आकडा. कोणाचं कॉन्ट्रॅक्ट या महिन्यात संपत असेल तर ईएफएल आणि वापराचे आकडे पाठवा, एक्सेल तयारच आहे, टाकून सांगते.