थंड दुधाचा फेस: फ्रेंच प्रेस की बॅटरीवाला फ्रॉदर?

घरची आइस्ड कॉफी एकदा जमायला लागली की पुढची हाव सुटते ती वरच्या फेसाची. गरम दुधाचं काही वाटत नाही. माटुंग्याला टंबलरमधून दवऱ्यात, म्हणजे त्याखालच्या वाटीत, उंचावरून ओततात, तेवढ्यानंही कॉफीवर फेस येतो. फ्रिजमधलं दूध मात्र चमच्यानं कितीही फेटा, चार बुडबुडे येतात आणि ग्लास हॉलमध्ये नेईपर्यंत तेही बसतात.

गेले तीन उन्हाळे मी या नादात आहे. आधी फ्रेंच प्रेस, म्हणजे दांड्यानं जाळी खाली दाबून कॉफी गाळायचं भांडं, कारण कॉफीसाठी तो घरात होताच. मग दूध घुसळून फेस काढणारा, बॅटरीवर चालणारा हातातला फ्रॉदर. फेस काढणारा विजेचा जग, म्हणजे प्लगवर चालणारं भांडं, माझ्याकडे नाही, पण ठाण्याला बहिणीकडे आहे आणि तिथं गेलो की ते काम माझ्याच गळ्यात पडतं. मिक्सरही करून पाहिला. एका ग्लासासाठी तेवढा आवाज आणि तेवढं मोठं भांडं घासणं, त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

यंत्राआधी दुधाचं सांगतो, कारण अर्धा निकाल तिथंच लागतो. फेस धरून ठेवतात ती दुधातली प्रथिनं. स्निग्धांश थंड दुधात त्यात मोडता घालतो. म्हणून 6 टक्के स्निग्धांशाच्या फुल क्रीमपेक्षा 3 टक्क्यांचं टोन्ड बरं आणि 1.5 टक्क्याचं डबल टोन्ड त्याहून बरं. स्टारबक्सनं 2018 साली अमेरिकेतल्या दुकानांत कोल्ड फोम, म्हणजे हाच थंड दुधाचा फेस, सगळीकडे आणला, तेव्हा त्याची मूळ कृतीही स्निग्धांश काढलेल्या दुधाचीच होती. दूध फ्रिजमधून काढल्या काढल्या घ्यायचं. मे महिन्यात ओट्यावर दहा मिनिटं राहिलेल्या दुधाला माझ्या हातून तरी कधी धड फेस आलेला नाही. चिमूटभर पिठीसाखर घातली तर फेस जरा जास्त टिकतो.

आम्ही गोरेगावला राहतो. दूध तबेल्याचं, म्हशीचं. आई ते तापवते, निवलं की फ्रिजमध्ये ठेवते आणि सकाळी वरची जाड साय उचलून तुपाच्या डब्यात टाकते. खाली उरतं ते दूध फेसाला इतकं छान असतं की मी पिशवीचं मुद्दाम आणत नाही. अडचण एकच. साय कधीच शंभर टक्के निघत नाही. दोन-चार तुकडे, काही तंतू दुधात राहतातच. चहात ते कुणाच्या लक्षातही येत नाहीत. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

फेस म्हणाल तर प्रेसला तोड नाही, हे मान्य करूनच टाकतो. भांडं एक तृतीयांश भरायचं, दांडा दुधातल्या दुधात भराभर तीस-चाळीस वेळा वरखाली करायचा, मिनिटभर थांबायचं, बूड हलकेच ओट्यावर आपटायचं. फेस बारीक, चकचकीत आणि पियुषाइतका दाट येतो. बर्फाच्या खड्यांवर संथपणे ओतला की वरच तरंगतो आणि माझं पेपरचं पहिलं पान वाचून होईपर्यंत जागचा हलत नाही. आवाज नाही, सेल नाही, प्लग नाही. पहिले दोन महिने मी येईल-जाईल त्याला प्रेसच घ्यायला सांगत होतो.

मग ती जाळी नडायला लागली. प्रेसच्या दांड्याच्या टोकाला तीन चकत्या एकावर एक बसवलेल्या असतात आणि मधली असते तारेची बारीक जाळी. सायीचे ते तंतू नेमके तिच्यात जाऊन बसतात. नळाखाली धरून ते निघत नाहीत. दांडा फिरवून चकत्या सुट्या करा, जाळी जुन्या टूथब्रशनं दोन्ही बाजूंनी घासा, कडेची गुंडाळी बोटानं चाचपा, पुन्हा क्रमानं बसवा. काही महिन्यांनी जाळीच्या कडेचे धागे सुटतात आणि ते नखाखाली असे टोचतात की कॉफीची चवच जावी. एका दिवसाचा कंटाळा केला तर दुसऱ्या दिवशी झाकण उघडल्यावर नासक्या दुधाचा वास. मुंबईच्या मे महिन्यात त्याला रात्रही पुरी लागत नाही. आणि त्याच प्रेसमध्ये कॉफी करत असाल तर देवाणघेवाण सुरू होते, दुधाला कॉफीच्या तेलकटपणाचा वास आणि कॉफीला दुधाचा. भांडी घासायला येणाऱ्या मावशींनी एकदा तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाल्या, “दादा, हे तुमचं तुम्हीच उघडा.” तेव्हापासून तो माझ्याच वाट्याला आहे.

दूध गाळून घ्या, असं तुम्ही म्हणाल. आठवडाभर तेही केलं. प्रेसची जाळी जेमतेम वाचली, पण सायीनं भरलेली चहाची गाळणी घासायला आली.

फ्रॉदरशी माझी पहिली भेट फारशी चांगली झाली नव्हती. रुंद मगमध्ये दूध घेतलं, बटण दाबलं आणि ते थेट भिंतीवरच्या कालनिर्णयावर उडालं. मे महिन्याच्या पानावर अजून डाग आहेत. दोष भांड्याचा होता. याला अरुंद, उंच पेला लागतो, आमच्याकडचा ताकाचा स्टीलचा पेला अगदी बेताचा आहे. पेला एक तृतीयांशच भरायचा, किंचित तिरका धरायचा, स्प्रिंगचं कडं दुधाच्या पृष्ठभागाच्या जरासं खाली ठेवून मगच बटण दाबायचं. दहा-पंधरा सेकंद तिथंच, मग हळूहळू खाली न्यायचं आणि बटण सोडूनच बाहेर काढायचं. हे शेवटचं विसरलात तर कालनिर्णय आहेच.

फेस प्रेसपेक्षा भरड येतो, यात वाद नाही. बुडबुडे मोठे असतात, पण पेला दोनदा आपटून अर्धा मिनिट थांबलं की मोठे फुटतात आणि खालचा बरा भाग उरतो. टिकतोही जरा कमीच, पण मी ग्लास घेऊन बाल्कनीत जाईपर्यंत असतो आणि मला तेवढंच हवंय. धुणं काय, तर पाण्याच्या पेल्यात पाच सेकंद फिरवायचं. सायीचा एखादा तंतू कड्याला गुंडाळलेला असतो, तो चिमटीत धरून ओढला की अख्खा निघतो. जाळीचा एवढा छळ सोसलेल्या माणसाला हे किती सुखाचं वाटतं, ते लिहून कळायचं नाही.

विजेचा जग घ्यावा का? जागा असेल तर जरूर. बटण दाबून बाजूला व्हायचं आणि फेसही एकसारखा येतो. पण आमच्या ओट्यावर दोनच प्लग आहेत, एक मिक्सरचा, एक पाण्याच्या फिल्टरचा, आणि तिसऱ्या पाहुण्याला उभं राहायलाही जागा नाही. शिवाय बहिणीच्या जगाचं आतलं छोटं चुंबकी चाक एकदा तीन दिवस गायब होतं. सिंकखालच्या कचऱ्यापर्यंत सगळं शोधून झालं. सापडलं ते झाऱ्याच्या मागच्या बाजूला चिकटलेलं, तेही पुऱ्या तळायला झारा काढला तेव्हा.

प्रेस कुणी घ्यावा, तर ज्यांच्याकडे टेट्रा पॅकचं दूध येतं त्यांनी. त्यावर साय नाही, म्हणजे माझी निम्मी तक्रार गेली. चार-पाच जणांना एकदम द्यायचं असेल तरीही प्रेसच, कारण पेल्यागणिक फ्रॉदर चालवत बसलं तर पहिल्याच्या ग्लासातला बर्फ वितळतो. फक्त दाट व्हावं म्हणून त्यात साय घालायला जाऊ नका. मी एकदा घातली आणि हौसेनं साठेक वेळा दांडा मारला. फेस राहिला बाजूला, जाळीभर लोण्याचे कण. आईनं डोकावून पाहिलं आणि म्हणाली, “अरे, त्याला रवी आहे की घरात.”

घरी तापवलेलं दूध असेल आणि एक-दोन ग्लासांचाच प्रश्न असेल तर मी फ्रॉदर घ्या म्हणेन. चव आणि पोत यांच्या बाबतीत चोखंदळ असाल तर कदाचित तुमचं माझ्याशी पटणार नाही. माझा प्रेस आता माळ्यावर आहे, पाहुणे आले की उतरतो. फ्रॉदर ओट्यावर चमच्यांच्या स्टँडमध्येच असतो.

चार्जिंगवाला मिळाला तर तो घ्या. माझा सेलवाला आहे. सेल उतरायला लागले की फेस पातळ होतो आणि दोष दुधाला दिला जातो, तेव्हा आधी सेल बदलून पाहा. जुने टाकू नका. फ्रॉदरला न पेलणारा सेल भिंतीवरच्या घड्याळात आणखी कित्येक महिने चालतो. आमचं घड्याळ सध्या त्यावरच आहे.