फोटोतलं अंगण कोरडं होतं

2,21,500 रुपये गॅरेजवाल्याला आणि 8,500 रुपये ट्रेलरवाल्याला. एकूण 2,30,000. बाबांच्या जुन्या ट्रकचा गंज काढून घ्यायला एवढे मोजले, आणि माझ्या दारात आली ती गंजक्या पत्र्यावर थापलेली लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, आणि तिच्यावर मारलेला चकचकीत रंग. हे लिहायची लाज वाटते. घरातही पूर्ण आकडा मी दिवाळीनंतर सांगितला. पण आमच्या पट्ट्यात जुन्या जीप, जुने ट्रक उभे करणारे बरेच आहेत, आणि हा माणूस अजून कामं घेतोय, म्हणून लिहितो.

गाडी 1967 चा टाटा मर्सिडीज-बेंझ ट्रक. टेल्कोचा, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सचा, जर्मन कंपनीशी करार 1954 ते 1969 असा होता, त्या काळातली, बोनेटवर तारा असलेली. बाबांनी ती 1978 साली सेकंडहँड घेतली आणि वीसेक वर्षं तिच्यातून हापूसच्या पेट्या मुंबईला नेल्या. आधी क्रॉफर्ड मार्केटला, मग वाशीला. पुढे ती मांगरात, म्हणजे बागेतल्या शेडमध्ये, उभी राहिली. खाडी आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, वारा खारा, आणि पाऊस कसा पडतो ते तुम्हाला सांगायला नको. बाबा गेल्यावर ती भंगारात घालवायची नाही, एवढं मी ठरवलं होतं.

गॅरेज आमच्याकडून 64 किलोमीटरवर, हायवेलगत. मालक गोड बोलायचा. 20 मे 2024 ला गाडी पोचवली तेव्हा त्याने फूटबोर्डखाली हात फिरवला, बोटांना लागलेला लाल भुगा मला दाखवला आणि म्हणाला, "काका, वरून दिसतो तो गंज चार आणे. बारा आणे आत असतो. मी मुळासकट काढतो." हे वाक्य शंभर टक्के खरं आहे. म्हणूनच मी फसलो. खोटं बोलणारा माणूस आधी खरं बोलून विश्वास कमावतो.

ठरलेली रक्कम 2,10,000. त्यात सगळा पत्रा उघडा करून सँड ब्लास्टिंग, म्हणजे वाळूच्या माऱ्याने गंज उडवणं, सडलेला भाग कापून 16 गेजचा नवा पत्रा, इपॉक्सी प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा गंज रोखणारा हात, चेसिस साफ करून रंग. अॅडव्हान्स 60,000 रोख दिले, पावती नाही. रोख देऊ नका. बाकीचे मी यूपीआयने दिले तेवढाच आज माझ्या हातात पुरावा आहे.

आता तो दिवस. 18 जुलै. संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर चार फोटो आले. मडगार्ड आणि काउल, म्हणजे बोनेटमागचा काचेखालचा भाग, पांढराशुभ्र लोखंडी पत्रा, गंजाचा ठिपका नाही. खाली मेसेज, "ब्लास्टिंग झालं, प्रायमरचे आणि ब्लास्टिंगचे मिळून 72,000 टाका." मी अर्ध्या तासात टाकले.

त्या फोटोत मडगार्ड अंगणात ठेवलेलं होतं आणि अंगण कोरडं होतं. ठणठणीत कोरडं. लाल मातीवर धूळ, मागे भिंतीवर ऊन. 18 जुलैला! आमच्याकडे सहा दिवस पाऊस थांबला नव्हता, दोरीवरचे कपडे वाळत नव्हते, आणि त्याच्याकडे ऊन पडलं होतं? आणि दुसरं, कोकणात जुलैत उघडा केलेला पत्रा पांढरा राहत नाही. ब्लास्टिंग झाल्यावर काही तासांत प्रायमर बसला नाही तर त्यावर पिवळट-तांबूस झाक येते. हे मला माहीत होतं! लहानपणी बाबांनी घासून ठेवलेला पाना सकाळी तांबडा झालेला मी पाहिलाय. फोटो दुसऱ्या कुठल्या तरी गाडीचे, दुसऱ्या कुठल्या तरी उन्हाळ्यातले होते. मी ते चार फोटो त्या रात्री दहा वेळा मोठे करून बघितले, भावाला पाठवले. अंगणाकडे बघितलंच नाही.

माझी बाजूही सांगतो. 27 जूनला आई पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. मी हॉस्पिटलच्या बाकावर झोपत होतो. 64 किलोमीटर जाऊन पत्र्याला हात लावून येण्याची माझी स्थिती नव्हती, आणि हे त्याला ठाऊक होतं, कारण मीच फोनवर सांगितलं होतं. घरची अडचण कारागिराला सांगू नका. तुम्ही येणार नाही हे एकदा कळलं की झालं.

ऑगस्टमध्ये पत्रा आणि वेल्डिंगचे म्हणून 58,500 गेले. 2 सप्टेंबरला, गणपतीच्या पाच दिवस आधी, गाडी आली. शेवटचे 31,000 तेव्हा दिले. ठरल्यापेक्षा 11,500 जास्त, "पत्रा महागला" म्हणून. गाडी देखणी दिसत होती. सणाला आलेले पाहुणे तिच्यापुढे उभे राहून फोटो काढत होते.

12 ऑक्टोबर, दसरा. पूजेसाठी गाडी धुतली. डाव्या मडगार्डवर हेडलाइटच्या मागे रुपयाएवढा फोड दिसला. अंगठ्याने दाबला तर तो दबला आणि कडेतून चहाच्या रंगाचं पाणी आलं. पत्र्यातून पाणी येत होतं. मी तशीच हार घालून पूजा उरकली.

दुसऱ्या दिवशी बंदरावर ट्रॉलरचं वेल्डिंग करणाऱ्या एकाला बोलावलं. त्याने आधी लोहचुंबक लावलं. दारावर चिकटलं, मडगार्डवरून घसरून खाली पडलं. मग छोट्या हातोडीने वाजवत गेला. दार खणखणीत, मडगार्ड बद्द. "ह्यो पत्रो नाय ओ, नुसती लांबी आसा ही," तो म्हणाला. स्क्रू ड्रायव्हर घातला तशी खपली निघाली. मोजली, 9 मिलिमीटर. चांगल्या कामात लांबीचा हात दोन-तीन मिलिमीटरच्या वर जात नाही. खपलीखाली कोंबड्यांच्या खुराड्याला मारतात ती जाळी, तिच्याखाली फायबरचं कापड, आणि त्याखाली 1967 पासूनचा गंज, पापुद्रे सुटलेला, जसाच्या तसा. ड्रायव्हरच्या पायाखालच्या फरशीला "नवा पत्रा" म्हणून जे मारलं होतं तो तेलाच्या 15 किलोच्या डब्याचा तुकडा निघाला. खालच्या बाजूला डब्यावरची अक्षरं वाचता येत होती.

त्याने दाखवलं ते लक्षात ठेवा. लांबी पाणी शोषते. खाली गंज जिवंत असला की ती ते पाणी धरून ठेवते आणि पत्रा आतून आणखी वेगाने खाल्ला जातो. म्हणजे काम केलं नसतं तर गाडी जास्त टिकली असती. चेसिसवर जाड काळं डांबर मारलं होतं. ते खरवडलं तर जिथे चॅनलवर दुसरा पत्रा रिवेटने बसवलेला असतो तिथे दोन्हींच्या मध्ये गंज भरून पत्रे एकमेकांपासून फाकले होते. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, रिवेट उपटतो. पाणी जायची भोकं लांबीने बुजवलेली. केबिन तर त्या काळी बाहेर बांधून घ्यायचे, सागवानी चौकटीवर पत्रा दुमडून. लाकूड ओल धरतं, त्यामुळे दुमडीत गंज असणारच. ती दुमड गॅरेजवाल्याने उघडलीच नव्हती. खिळ्यांवरचा जुना हिरवा रंग तसाच होता. काळं अंडरकोटिंग ताजं दिसलं की आधी खरवडून बघा. आणि गंजावर मारायचं अॅसिडवालं औषध सुटलेल्या पापुद्र्यांवर चालत नाही. आधी घासून घट्ट लोखंडापर्यंत जावंच लागतं, आणि त्याआधी मीठ गोड्या पाण्याने धुवावं लागतं. तसलं औषध फवारून "गंज मारला" म्हणणाऱ्याला तिथूनच परत पाठवा.

गॅरेजवाल्याला फोन केला. पहिल्यांदा "घेऊन या, बघतो." दुसऱ्यांदा "तुमच्याकडची हवाच खारी, मी काय करू?" तिसऱ्यांदा उचललाच नाही.

पोलीस ठाण्यात गेलो. साहेब म्हणाले, "गाडी तुमच्या दारात आहे ना? चालू होते ना? मग फसवणूक कसली?" मी फोटो दाखवले, खपली टेबलावर ठेवली. त्यांनी ती पेपराने बाजूला सारली. "दिवाणी मामला आहे, वकील करा." दुसऱ्या खेपेला लेखी अर्ज नेला. घेतला, पोच दिली नाही. तिसऱ्या खेपेला तो अर्जच सापडेना. मी एकतीस वर्षं पोस्टात काढली, कागद हरवला की माझ्याकडून उत्तर घेतलं जायचं. इथे उत्तर कोण देणार? दुसऱ्याच गाडीचे फोटो दाखवून 72,000 उकळले, ही फसवणूक नाही तर काय आहे? भारतीय न्याय संहितेत कलम 318 कशासाठी आहे? ठाण्याने घेतलं नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या 173(4) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवता येतं, तेही केलं, रजिस्टर पोस्टाने. सात आठवड्यांनी एक ओळ आली, "संबंधित पोलीस ठाण्याशी संपर्क साधावा." ज्या ठाण्याची तक्रार केली त्याच ठाण्याशी! आरटीओत विचारलं तर चेसिस नंबर जुळतो, पत्र्याचं आमच्याकडे नाही. गॅरेज उघडायला कसली परीक्षा नाही, कामावर कुणाची नजर नाही, आणि विचारायला गेलेल्या माणसाला सगळीकडे एकच प्रश्न, "तुम्ही बघितलं कसं नाही?" हा प्रश्न मी स्वतःला रोज विचारतो, तो सरकारकडून ऐकायचा नाहीये मला.

ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे. दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. ठाण्याच्या पायऱ्या झिजवण्याआधी हे करा. मला हे उशिरा सुचलं. कच्च्या चिठ्ठीवर कामाचा तपशील घेऊ नका. किती गेजचा पत्रा, कुठे कापणार, हे सहीसकट लिहून घ्या. पावसाळ्यात रंगकाम देऊच नका. आणि प्रायमर मारण्याआधी उघडा पत्रा स्वतः जाऊन बघा, जमत नसेल तर व्हिडिओ कॉल लावा आणि आजचं वर्तमानपत्र पत्र्यावर ठेवायला सांगा.

बंदरावरच्या वेल्डरने पुढचं डावं मडगार्ड उतरवून दिलंय. बाकीचं पाऊस सरल्यावर. तेलाच्या डब्याचा तो तुकडा आणि 9 मिलिमीटरची खपली मी तारीख घालून पिशवीत ठेवली आहे. सुनावणीला दोन्ही घेऊन जाणार आहे.